कंपनीत ‘वेलनेस’साठी तीन लाख मिळालेत, काय करू?

गटनंबर१२०० | ९ जानेवारी, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचक आहे, पहिल्यांदाच धागा काढतोय.

चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत एचआरला आहे. प्रेस शॉप, वेल्डिंग आणि असेंब्ली मिळून तीनशे चाळीसच्या आसपास माणसं. शंभरेक कायम, बाकी ठेकेदाराची आणि ट्रेनी. असेंब्लीवर निम्म्याहून जास्त मुली आहेत. बीड, नांदेड, यवतमाळकडच्या, चौघी-पाच जणींत खोली करून राहणाऱ्या.

मागच्या महिन्यात आमच्या बड्या ग्राहकाचं ऑडिट झालं. त्यांच्या फॉर्मात एक रकाना होता, ‘कर्मचारी आरोग्य व स्वास्थ्य उपक्रम’. आमचा रकाना कोरा. दुसऱ्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, तीन लाख देतो, मार्चच्या आत हा रकाना भर.

माझी कच्ची यादी अशी: झुंबा, पावलं मोजायची स्पर्धा, आरोग्य तपासणी शिबिर, कँटीनमध्ये आठवड्यातून एकदा फळ आणि एक प्रेरणादायी व्याख्यान. व्याख्यात्यांनी दीड तासाचे साठ हजार सांगितलेत, जेवण आणि गाडी वेगळी. कोणी असं काही केलं असेल तर अनुभव सांगा. तीन लाखांत काय काय बसेल?

उंटावरचा शहाणा | ९ जानेवारी, रात्री ९:३२

पावलं मोजायच्या स्पर्धेचा निकाल आत्ताच सांगतो. पहिला नंबर स्टोअरच्या पोऱ्याचा, दुसरा गेटवरच्या वॉचमनचा. लाइनवरची पोरगी आठ तास एका जागी उभी, तिची पावलं शून्य. तिला काय, ‘अधिक चाला’ असा मेसेज पाठवणार का?

साठ हजारांत व्याख्यान द्यायला मीही तयार आहे. जेवण घरून आणेन.

बगबहाद्दर | ९ जानेवारी, रात्री ११:४८

हिंजवडीतून हजर. वेळ बघा, अजून लॉगिन आहे.

आमच्याकडे वेलनेसची कमतरता नाही. ध्यानाचं ॲप आहे. रोज दहा मिनिटं डोळे मिटायचे, नाही मिटले तर आठवड्याच्या शेवटी मॅनेजरकडे यादी जाते. मागे ‘ताणमुक्ती सप्ताह’ होता, त्याच आठवड्यात रिलीज. सत्राला बसलो की काम मागे, नाही बसलो की ‘सहभाग कमी’.

हे नुसतं रडगाणं नाही. ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. ध्यान, ताण झेलण्याचं प्रशिक्षण, झोपेची ॲपं वगैरेंत भाग घेणारे आणि न घेणारे यांच्या मानसिक स्वास्थ्यात फरक दिसला नाही. थोडा अपवाद निघाला तो कंपनीतर्फे समाजकार्याला जाणाऱ्यांचा. उलट जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांचा २०२१ चा अहवाल आहे. आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना, ३५-४० तासवाल्यांच्या मानाने पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा १७ टक्क्यांनी जास्त. म्हणजे दुखणं तासांत आहे आणि औषध डोळे मिटायचं.

तुमच्याकडे ओटी (ओव्हरटाइम) किती चालतो ते आधी बघा, मालक.

सिस्टरबाई | १० जानेवारी, दुपारी ३:०५

मी अठरा वर्षं कंपन्यांच्या दवाखान्यात नर्स आहे, त्यातली अकरा चाकण-तळेगाव पट्ट्यात. जरा लांबेल, पण सांगतेच.

आधीच्या एका कंपनीत असेंब्लीच्या मुली आलटूनपालटून यायच्या. लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखतंय, अंगात कसर. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे, गोळ्या लिहून द्यायचे. महिन्याभराने तीच मुलगी परत. मला वाटायचं खोल्यांवरचे संडास घाण असतील. एकीला सहज विचारलं, दिवसात पाणी किती पितेस गं? म्हणाली, “ड्यूटीवर पीतच नाही, सिस्टर.”

का नाही? पाणी प्यायलं की जावं लागतं. जायचं तर हात वर करायचा, लाइन लीडरने बघायचं, रिलीव्हर मोकळा असला तर तो तिच्या जागी उभा राहणार. रिलीव्हर सगळ्या लाइनला मिळून एक, आणि तोही कोणी गैरहजर असलं की लाइनवरच लावलेला. म्हणजे रिलीव्हर नाहीच. आणि गेलीच तर लीडर वहीत मिनिटं लिहिणार. पुरुष माणसासमोर हात वर करून उभं राहायला त्या एकोणीस-वीस वर्षांच्या पोरींना लाज वाटायची. पाळीच्या दिवसांत तर विचारूच नका, एकच पॅड सकाळी सहा ते अडीच. त्यापेक्षा घसा कोरडा परवडला. उन्हाळ्यात पत्र्याखाली हे असं. मुतखडा झालेल्यासुद्धा होत्या त्यात.

त्या वर्षी महिला दिनाला कंपनीने सगळ्यांना पाण्याच्या बाटल्या वाटल्या होत्या. छान होत्या. गुलाबी.

मी काय केलं? दवाखान्याच्या रजिस्टरमधून नाव न लिहिता फक्त तक्रार आणि लाइन नंबर असा कागद केला आणि प्रॉडक्शन मॅनेजरांपुढे ठेवला. माणूस चांगला होता, त्यांना ठाऊकच नव्हतं. दोन रिलीव्हर कायमचे मिळाले, त्यांना लाइनवर लावायचं नाही असं ठरलं. हात वर करणं बंद केलं. रिलीव्हर आपणहून एका टोकापासून फिरत यायची, प्रत्येकीला दहा मिनिटं, जा किंवा नुसती बस. विचारायचीच गरज उरली नाही. मुलींच्या दृष्टीने ते सगळ्यात मोठं होतं. दोन-तीन महिन्यांत जळजळवाल्या फेऱ्या निम्म्यावर आल्या.

तर तुमच्या यादीत रिलीव्हर आहे का, दादा?

आळणी भात | १० जानेवारी, दुपारी ४:२०

सिस्टरबाई, __/\__

कँटीनबद्दल थोडं. आठवड्यातून एक केळं देण्यापेक्षा रोजच्या भाजीवर तरंगणारं तेल बघा. ठेकेदाराचा दर न वाढवता ‘पौष्टिक’ मागितलं की तो पाट्यांवर ‘पौष्टिक’ लिहून आणतो. चहाच्या मशीनचा साखर नसलेला पर्याय दोन महिने बंद होता आमच्याकडे, मधुमेहाचं शिबिर मात्र दोनदा झालं.

गटनंबर१२०० | १० जानेवारी, संध्याकाळी ७:५५

सिस्टरबाई, आज मुद्दाम लाइनवर जाऊन उभा राहिलो. आमच्याकडेही वही आहे. मला माहीत नव्हतं. सहा वर्षं आहे मी इथे.

पण रिलीव्हर म्हणजे माणूस वाढवणं, आणि साहेबांना हेडकाउंट म्हटलं की ठसका लागतो. व्याख्यान, झुंबा हे ‘खर्च’ म्हणून पास होतं. रिलीव्हर ‘मनुष्यबळ’मध्ये जातो.

स्पष्टवक्ता | १० जानेवारी, रात्री ९:१५

शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. मी प्लांट सांभाळतो. इथे सगळे असं बोलतायत जणू प्रॉडक्शनवाले राक्षस आहेत. ग्राहक दरवर्षी दर कमी करून मागतो, उशीर झाला तर दंड लावतो, आणि तोच ग्राहक ऑडिटला आला की आरोग्याचा रकाना काढतो. आधी त्याला विचारा. एक स्टेशन थांबलं की अख्खी लाइन थांबते, हे खोटं आहे का?

सिस्टरबाई | १० जानेवारी, रात्री १०:०२

खोटं नाही, साहेब. म्हणून तर रिलीव्हर. तिच्यामुळे लाइन थांबत नाही. लाइन थांबते ती मुलगी चक्कर येऊन पडल्यावर. तेव्हा मला स्ट्रेचर घेऊन यावं लागतं आणि चार जणी काम सोडून तिच्याभोवती जमतात.

कलमकसाई | ११ जानेवारी, सकाळी ८:४०

धागाकर्त्या, तुमच्या पहिल्याच पोस्टमध्ये एक आकडा आहे, त्याकडे कोणाचंच लक्ष गेलेलं दिसत नाही: तीनशे चाळीस.

१९४८ च्या कारखाने अधिनियमात कल्याण अधिकारी ५०० कामगारांपासून सक्तीचा होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता लागू झाल्या. त्यातल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत ही मर्यादा २५० वर आली आहे. कँटीनची २५० वरून १०० वर, ठेकेदाराची माणसं धरून. ‘आमची कायम माणसं शंभरच’ हे चालत नाही. स्त्री-पुरुषांसाठी वेगळी विश्रांतीची खोली ५० पेक्षा जास्त कामगार असतील तर. आणि उभ्याने काम करावं लागणाऱ्या सगळ्यांना बसायची सोय. ही शेवटची गोष्ट नवी नाही, जुन्या कायद्याच्या कलम ४४ मध्येही होती. सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नको आणि मधे किमान अर्धा तास विश्रांती हवी, हे कलम ५५. ओटीला दुप्पट दर, कलम ५९. पंच्याहत्तर वर्षांहून जुनी कलमं आहेत.

साहेबांना ‘वेलनेस’ म्हणून मागू नका. ‘अनुपालन’ म्हणून मागा. त्या शब्दाला ठसका लागत नाही.

निवृत्त कल्याणकर | ११ जानेवारी, दुपारी १२:३०

वरच्यांनी ज्या पदाचा उल्लेख केला त्या पदावर मी एकोणतीस वर्षं काढली. पिंपरीत. आता पाय दुखतात म्हणून टंकतो.

आमच्या पिढीत ‘वेलनेस’ शब्द नव्हता, ‘कल्याण’ होता. मुंबईच्या गिरणीत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली. त्यांच्या मागण्या काय होत्या? रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास जेवायला, पगार वेळेवर. रविवारची सुट्टी १० जून १८९० ला मिळाली. आज आपण ज्याला आरोग्य उपक्रम म्हणतो, त्यातलं काहीही त्या एका रविवारच्या जवळपास येत नाही असं माझं मत आहे. असो, म्हाताऱ्याला विषय मिळाला की असं होतं.

कामाचं सांगतो. लोकांना काय हवंय हे सूचनापेटी लावून कळत नाही. पेटीत माझ्या काळी तंबाखूच्या पुड्या आणि लीडरच्या नावाने अर्वाच्य मजकूर निघायचा. कँटीनमध्ये जेवायला बसा. साहेबांच्या टेबलावर नको, रांगेत उभं राहून, ताट घेऊन. आणि पहिल्या पाळीला नव्हे, तिसऱ्या पाळीला. रात्री दोन वाजता माणूस खरं बोलतो. कँटीन कमिटी कागदावर असेलच, तिच्यात कामगारांचे प्रतिनिधी हवेत हे जुन्या कायद्यातच आहे. तिला जिवंत करा.

आणखी एक. पगारपत्रकात जून आणि डिसेंबरमध्ये ‘एलडब्ल्यूएफ’ म्हणून थोडी रक्कम कापली जाते, ती महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाची. त्यांची केंद्रं आहेत, शिवणवर्ग आहेत, शिष्यवृत्त्या आहेत, आणि त्यांची नाट्यस्पर्धा तर पिढ्यान्पिढ्या चालू आहे. आमच्या फाउंड्रीतला एक भट्टीवाला तीन वर्षं त्या स्पर्धेत उतरला. तालमीच्या महिन्यात तो दारूला शिवायचा नाही. दर वर्षी कापून घेतात, पण कापलेल्या पैशांचं काय मिळतं हे नव्या पोरांना कोणी सांगत नाही.

काठपदर | ११ जानेवारी, संध्याकाळी ६:१०

बसायचा विषय निघाला म्हणून लिहिते. मी लग्नाच्या साड्यांच्या एका मोठ्या दुकानात सात वर्षं होते. सकाळी साडेदहा ते रात्री साडेनऊ. गिऱ्हाईक गादीवर, आपण उभ्या. गिऱ्हाईक नसलं तरी उभ्या, कारण कॅमेऱ्यात बसलेली दिसली की वरून फोन. लग्नसराईत घरी गेल्यावर पायाच्या शिरा अशा तटतटायच्या की उशीवर पाय ठेवून झोपायचे. आता पोटरीवर निळं जाळं झालंय, डॉक्टर म्हणतात ऑपरेशन.

केरळमध्ये कोळिकोडच्या मिठाई तेरू या बाजाररस्त्यावर अशाच दुकानातल्या बायकांनी लढा दिला. पी. विजी नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी ‘पेणकूट्टु’ संघटना काढली. त्यांचं पहिलं भांडण बसण्यासाठी नव्हतंच, संडाससाठी होतं. म्हणजे सिस्टरबाई, तुमचीच गोष्ट. मग बसायचा हक्क. केरळ सरकारने २०१८ मध्ये दुकानांच्या कायद्यात तो घातला, तमिळनाडूने २०२१ मध्ये. आमच्या शेटजींना मी हे वाचून दाखवलं होतं. म्हणाले, ते तिकडचं.

कलमकसाई | ११ जानेवारी, संध्याकाळी ६:४५

ताई, वर लिहिलेली संहिता १० किंवा जास्त कामगार असलेल्या दुकानांनाही लागू आहे. आता ‘इकडचं’ झालंय.

तिसरी पाळी | १२ जानेवारी, पहाटे ४:५०

ब्रेकमध्ये लिहितोय, चुका पोटात घाला.

तपासणी शिबिराबद्दल बोलतो. आमच्या इथे झालं होतं. गाडी आली, रक्त घेतलं, बीपी घेतलं, वजन घेतलं. रिपोर्ट कोणाकडे गेले? एचआरकडे. पुढच्या महिन्यात ठेकेदाराने तीन जणांना ‘काम नाही’ सांगून घरी बसवलं. त्यातल्या दोघांची साखर वाढलेली निघाली होती. त्याचा याच्याशी संबंध होता की नव्हता मला माहीत नाही. पण त्यानंतर शिबिर म्हटलं की कंत्राटी पोरं सुट्टी टाकतात. बीपीची गोळी खाणारा माणूस गोळी पाकिटात नाही, मोज्यात ठेवतो. शप्पथ.

दुसरं, पाळ्यांची अदलाबदल. आमची उलटी फिरते. रात्र, मग दुपार, मग सकाळ. आठवडा संपेपर्यंत झोप लागायला लागते तोवर बदल. कोणी कधी विचारलं नाही की पोरा झोपतोस कधी. पत्र्याच्या खोलीत, दुपारी बाराला, शेजारी मिक्सर चालू.

ईएसआयबद्दल, म्हणजे कामगार विम्याबद्दल, सगळे वाईटच बोलतात. मला गेल्या वर्षी कावीळ झाली तेव्हा तिनेच तारलं. एकवीस हजारांपर्यंत पगार असला की माणूस त्यात येतो, आजारपणाच्या रजेत पगाराच्या सत्तर टक्के मिळतात, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. पण माझ्या लाइनवर निम्म्यांना हे माहीतच नाही. कार्ड मोबाईलमध्ये फोटो म्हणून आहे, एवढंच.

सिस्टरबाई | १२ जानेवारी, सकाळी ११:२०

तिसरी पाळी, तुमची पोस्ट एचआरच्या प्रत्येक माणसाने वाचावी. रिपोर्ट बंद पाकिटात त्या माणसाच्या हातात, बाकी कोणाकडेही नाही. कंपनीला फक्त बेरीज: इतक्यांची साखर, इतक्यांचं बीपी, नावं नाहीत. शिबिराच्या आधी हे मराठीत आणि हिंदीत लिहून फलकावर लावायचं. नाहीतर शिबिर करूच नका.

पाळ्या सुलट्या फिरवा: सकाळ, दुपार, रात्र. शरीराला उशिरा झोपणं जमतं, लवकर झोपणं जमत नाही. याला एक रुपया लागत नाही.

प्रेस शॉप आहे म्हणता, तर ऑडिओमेट्री, म्हणजे कानांची तपासणी, घ्याच. आपल्या नियमांत आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा आहे, ९५ झाला की चारच तास. कानाचं दुखत नाही, म्हणून कोणी येत नाही. माणूस घरी टीव्ही मोठा करतो, बायको भांडते, तिथे कळतं.

आणि कोणाला रात्री फारच उदास वाटत असेल तर टेलिमानस, १४४१६. फुकट आहे, मराठीत बोलतात. दवाखान्याच्या दारावर नको, संडासाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. तिथे माणूस एकटा असतो.

बालाघाट | १२ जानेवारी, दुपारी २:३५

तुमच्या लाइनवरच्या बीडच्या पोरींच्या आया कोण आहेत ठावं आहे का? ऊसतोड करणाऱ्या. २०१९ ला सरकारची समिती आली आमच्याकडं, तेरा हजारांच्या वर बायांच्या गर्भपिशव्या काढलेल्या निघाल्या. पाळीत खाडा झाला की उचलीतून दंड, फडात ना मोरी ना आडोसा. आई ऊस तोडताना पाणी कमी प्यायची, पोरगी लाइनवर कमी पिते. कुणी शिकवलं नाही तिला, बघून शिकली.

उंटावरचा शहाणा | १२ जानेवारी, दुपारी ३:१०

यावर काय विनोद करणार.

स्पष्टवक्ता | १३ जानेवारी, सकाळी ९:००

काल शिफ्टला जाऊन आमच्या वह्या बघितल्या. आमच्याकडेही मिनिटं लिहितात. बंद करायला सांगितलंय. बाकी माझं ग्राहकाबद्दलचं म्हणणं कायम आहे.

गटनंबर१२०० | २६ फेब्रुवारी, रात्री १०:१५

धागा वर काढतोय. झालेलं सांगतो.

कलमकसाईंची युक्ती चालली. ‘अनुपालन’ म्हटल्यावर साहेबांनी फाइल वाचली. ठेकेदाराचं बिल धरून एका रिलीव्हरला महिन्याला बावीस-तेवीस हजार पडतात, म्हणजे तीन लाखांत वर्षभर एक. दुसरीसाठी मी प्रॉडक्शनच्या पाया पडलो. दोन्ही बायकाच घेतल्या, एक पहिल्या पाळीला, एक दुसऱ्या. वही गेली. लाइन लीडर पहिला आठवडा धुमसत होता, आता तोच रिलीव्हरला चहा प्यायला सोडतो.

व्याख्यान रद्द. झुंबा एकदा झाला, कारण ग्राहकाला फोटो हवेत. खरं सांगायचं तर मुलींना मजा आली, त्यामुळे पुन्हा करू. पाळ्या एक मार्चपासून सुलट्या. वेल्डिंगवाल्यांनी विरोध केला, कारण त्यांचं गावी जायचं गणित बिघडतं, त्यावर बोलणं चालू आहे. शिबिर पुढे ढकललंय, पाकिटाची पद्धत पक्की होईपर्यंत.

काका, तिसऱ्या पाळीला दोनदा जेवलो. रात्री भात सकाळचाच असतो, हे कळलं.

फसलं ते स्टुलांचं. चाळीस स्टुलं आणली, लोखंडी, मजबूत. कोणी बसत नाही. दहा दिवसांत त्यांवर पार्टचे बिन ठेवायला लागले. उभ्याने काम करायचं टेबल उंच आहे आणि स्टूल बुटकं, बसलं की हात खांद्याच्या वर जातात. उंची बदलता येणारी, टेकून उभं राहता येईल अशी स्टुलं कुठे मिळतात? भोसरीत कोणाला माहीत आहे का?

काठपदर | २६ फेब्रुवारी, रात्री १०:४०

मिळतात. पण आणायच्या आधी मुलींपैकी कोणाला बसवून बघितलं होतं का?

गटनंबर१२०० | २६ फेब्रुवारी, रात्री १०:४४

नाही.

शनिवारी दोघींना बरोबर घेऊन जातो. ड्यूटी धरून.